‘फॉर मेन’ फेसवॉशचा रिव्ह्यू: पुढचं सोडा, ट्यूब उलटी करून वाचा

आधीच सांगतो, हा एका ट्यूबचा रिव्ह्यू नाहीये. बाथरूममध्ये आजवर जे जे येऊन गेलं, काळ्या ट्यूबा, निळे पारदर्शक जेल, कोळसावाले, मेंथॉलवाले, दाणेदार स्क्रबवाले, आणि ज्यावर कुठल्याच दाढीवाल्या मॉडेलचा फोटो नाही असे साधे पांढरे क्लीन्सर, त्या सगळ्यांचं मिळून एकदाच लिहितोय, कारण काळ्या ट्यूबांचे वेगवेगळे रिव्ह्यू लिहायला बसलो तर वासाचं नाव सोडून फार काही बदलायचं नाही. घाईत असाल तर निकाल इथेच घ्या: पुढे ‘फॉर मेन’ लिहिलंय का याला शून्य मार्क, मागे घटकांच्या यादीत वरची पाच-सहा नावं कुठली याला अर्धे मार्क, आणि उरलेले अर्धे चेहरा पुसून दहा मिनिटं झाल्यावर त्वचा कशी वाटते याला. धुताना कशी वाटते याला नाही हां, दहा मिनिटांनी.

आता पुरुषांची त्वचा वेगळी असते का, तर असते थोडीफार. अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन्समुळे तेलग्रंथी जास्त काम करतात, त्वचा जराशी जाड असते, आणि बरेच जण रोज नाहीतर दिवसाआड तिच्यावर ब्लेड फिरवतात. इथपर्यंत कंपन्यांचं बरोबर आहे. पण त्यापुढे त्या गृहीत धरतात की प्रत्येक पुरुषाचा चेहरा तेलाने थबथबलेला आणि धुळीने माखलेला, त्यामुळे त्याला काहीतरी जहाल हवं. अरे बाबा, कोरड्या त्वचेचे पुरुष असतात, नाजूक त्वचेचे असतात, कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे असे तर ढिगाने असतात. दोन पुरुषांच्या त्वचेत जेवढा फरक असू शकतो तेवढा ट्यूबच्या ‘मेन’ आणि बिगर-‘मेन’ आवृत्तीत अनेकदा नसतोच, रंग आणि वास सोडला तर. बहिणीचा किंवा बायकोचा फेसवॉश तुमच्या त्वचेला चालत असेल तर बिनधास्त वापरा, दाढी गळून पडत नाही.

यादी वाचायची कशी ते सांगतो, हे एकदा जमलं की दुकानात दोन मिनिटांत निर्णय होतो. घटक साधारणपणे प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जास्त असेल ते आधी, आणि १ टक्क्याच्या खालचे कसेही मागेपुढे लिहिले तरी चालतात. म्हणजे पुढे मोठ्या अक्षरात ज्या वनस्पतीच्या अर्काचं चित्र आहे तो यादीत सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हच्या आसपास सापडला की समजायचं, नावापुरता थेंब आहे. पाणी पहिलं असतंच बहुतेक वेळा. त्याच्यानंतर काय येतं ते बघायचं, सफाई करणारे घटक तिथेच सापडतात, आणि त्यांच्या ढोबळ तीन जाती आहेत.

तिथे मिरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड, पाल्मिटिक ॲसिड अशी मंडळी आणि थोडं पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं तर ट्यूबमध्ये चक्क साबण आहे, फक्त मऊ क्रीमच्या रूपात. फॅटी ॲसिड आणि अल्कली एकत्र आले की साबणच बनतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही (आणि हायड्रॉक्साइड वाचून घाबरू पण नका, ते त्या क्रियेत खर्च होऊन जातं). याचा फेस जबरदस्त, दाट, हातात डोंगर उभा राहतो. चेहरा एकदम करकरीत. पण साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, ७ च्या वर अल्कली) ९-१० च्या घरात असतो आणि आपल्या त्वचेचा वरचा थर आम्लधर्मी, साधारण ५ च्या आसपास, त्यामुळे रोज दोनदा हे केलं तर बऱ्याच जणांना गालावर आणि तोंडाच्या कडेला ताण जाणवायला लागतो, मग हसताना पण चेहरा खेचल्यासारखा वाटतो. आणि पाणी जड असेल तर अजून एक भानगड, साबण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून चिकट साका तयार करतो, बादलीवर बसतो तोच, तो थोडा चेहऱ्यावर पण राहतो. जड पाण्याने धुणाऱ्यांनी साबणवाला फेसवॉश टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जात म्हणजे सल्फेटवाली. एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट आणि त्याचा जरा सौम्य भाऊ सोडियम लॉरेथ सल्फेट. एसएलएस त्वचेला इतका खात्रीशीर त्रास देतो की त्वचेच्या अभ्यासात मुद्दाम जळजळ घडवायला हाच वापरतात. पण म्हणून नाव दिसलं की ट्यूब फेकून द्या असं नाही, प्रमाण किती आणि सोबत कोण यावर खूप ठरतं. कोकामिडोप्रोपिल बीटेन हा सौम्य सफाई घटक सोबत असेल तर सल्फेटचा तिखटपणा कमी होतो. पण या बीटेनचीही काहींना ॲलर्जी असते, अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ साली त्यालाच ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं. सांगायचा मुद्दा, कुठलाच घटक सगळ्यांसाठी देवमाणूस नाही.

तिसरी जात मला सगळ्यात पटलेली: सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, असली नावं वरती असलेले. फेस मध्यम, कधी कधी अगदीच किरकोळ. पहिल्यांदा वापरणाऱ्याला वाटतं की हे काही काम करतच नाहीये, म्हणून माणूस अजून पिळतो, अजून घासतो. फेसाचा आणि सफाईचा तसा थेट संबंध नसतो हे डोक्याला कळतं पण हाताला कळायला वेळ लागतो.

आता तो थंडगार मेंथॉल. काळ्या-निळ्या ट्यूबांचा हुकमी एक्का. लावल्यावर डोळ्यांपर्यंत गारवा चढतो आणि वाटतं आहाहा, काय धुतलंय. खरं तर त्वचा एक डिग्रीनेही थंड झालेली नसते. थंडी ओळखणाऱ्या नसांवर टीआरपीएम८ नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारं प्रथिन, असतो, मेंथॉल थेट तोच चालू करतं आणि मेंदूला निरोप जातो की गार पडलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन या दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून मेंथॉलच्याच मदतीने तो शोधला, आणि तापमान-स्पर्शाच्या रिसेप्टरवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे शास्त्र म्हणून भारीच आहे, पण तो गारवा सफाईचा पुरावा नाही, आणि नुकतीच दाढी केली असेल तर हाच गारवा आग होऊन बसतो. ज्याला आवडतं त्याने सकाळी झोप उडवायला वापरावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त ‘पॉवरफुल क्लीन’ त्यामुळे होतं असं समजू नका.

कोळशाबद्दल थोडक्यात: ॲक्टिव्हेटेड चारकोल गोष्टी पकडून ठेवतो हे खरं, पण पाणी-फेसात कालवलेला आणि अर्ध्या मिनिटात धुवून टाकलेला कोळसा चेहऱ्यातून काही खेचून काढतो याला भरवशाचा पुरावा मला तरी दिसलेला नाही. बेसिन काळं होतं हे मात्र नक्की. स्क्रबवाल्यांचं त्याहून वाईट. रोजच्या वापरासाठी दाणेदार फेसवॉश नकोच, पिंपल असतील तर अजिबातच नको. आधी तर हे दाणे प्लास्टिकचे असायचे, अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुवून टाकायच्या वस्तूंमधले प्लास्टिक मायक्रोबीड्स बंद केले, समुद्राच्या काळजीने. आता अक्रोडाची टरफलं किंवा वाळूसारखं काहीतरी असतं. ते समुद्राला बरं असेल, गालाला बरं असं नाही.

आणि ‘ब्लॅकहेड्स रिमूव्हल’ हा शब्द दिसला की मला हसू येतं. तो काळा ठिपका म्हणजे अडकलेली धूळ नसते, उघड्या छिद्रातलं तेल, मेलेल्या पेशी आणि मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य हवेशी संपर्क येऊन काळपट होतात. घासून जात नाही. नाकावर जे बारीक राखाडी ठिपके सगळ्यांनाच असतात ते तर बहुतेक वेळा ब्लॅकहेड पण नसतात, ती तेलाची नेहमीची वाट असते, पिळून काढली तरी पुन्हा भरते. गरम पाण्याने छिद्रं उघडतात आणि गार पाण्याने बंद होतात हेही असंच, त्या छिद्रांना उघडझाप करायला स्नायूच नसतात.

मग पिंपलवाल्याने काय घ्यायचं? इथे मात्र फेसवॉशमध्ये खरोखर काम करणारी दोन नावं आहेत. सॅलिसिलिक ॲसिड, साधारण ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळतं त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रात शिरू शकतं आणि आतला बोळा सैल करतं. टक्केवारी लिहिलेली ट्यूब घ्या, नुसतं ‘विथ सॅलिसिलिक’ म्हणून यादीच्या शेपटाला टाकलेली नको. आणि लावून लगेच धुवू नका, निदान मिनिटभर हलक्या हाताने फिरवत ठेवा, नाहीतर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. दुसरं बेन्झॉइल पेरॉक्साइड, लाल दुखऱ्या पिंपलसाठी. पिंपलमध्ये हात असलेला जो जिवाणू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, त्याला ते मारतं. धुवायच्या प्रकारात हे दोन-एक मिनिटं ठेवून मग धुतात. मोठा टक्का म्हणजे मोठा फायदा असं नाही, टक्का वाढला की कोरडेपणा आणि सोलवटणं आधी वाढतं, म्हणून कमीपासून सुरू करा. आणि हे कपड्याचा रंग उडवतं, गडद टॉवेल आणि उशीचा अभ्रा याच्या जवळपास फिरकू देऊ नका, पांढराच टॉवेल वापरा.

या दोन्हींनी आठवड्यात चमत्कार होत नाही. निदान सहा-आठ आठवडे धरून चालायचं. आणि खोल, गाठीसारखे, डाग सोडून जाणारे पिंपल असतील तर फेसवॉश बदलत बसण्यापेक्षा सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ते काम ट्यूबचं नाही. तसंच कपाळावर एकसारखे बारीक, खाजरे पुरळ असतील आणि पिंपलच्या कशालाच दाद देत नसतील तर ती यीस्टची (एक प्रकारची बुरशी) भानगड असू शकते, तिचा उपाय वेगळा असतो.

‘ऑइल कंट्रोल’ या शब्दावर पण दोन वाक्यं बोलायची आहेत. तेल किती सुटायचं हे हार्मोन्स आणि ग्रंथी ठरवतात. फेसवॉश वरचं तेल पुसतो, काही तासांत ते परत येतं, हे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे, फरशी पुसावी तर लागतेच पण नळ त्याने बंद होत नाही. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉश लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की थांबा. २००६ साली एक छोटा अभ्यास झाला होता, पिंपल असलेल्या पुरुषांवरच, दिवसातून एकदा, दोनदा आणि चारदा धुणारे असे गट करून. दोनदा धुणाऱ्यांचं बरं झालं, एकदावाल्यांचं बिघडलं, आणि चारदा धुवून जास्तीचा फायदा काही दिसला नाही. छोटा अभ्यास आहे, त्यावर छातीठोक काही बोलू नये, पण सकाळ-संध्याकाळ आणि खूप घाम आला तर अजून एकदा, हा हिशोब त्वचेचे डॉक्टर पण देतात. कोरडी त्वचा असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने पण भागतं.

वापरायची पद्धत इतकी सोपी आहे की कोणी बोलतच नाही आणि सगळे चुकतात. आधी हात धुवा. कोमट पाणी, कडकडीत गरम नाही. वाटाण्याएवढा फेसवॉश, जाहिरातीत दाखवतात तसा बोटभर नाही. ओल्या तळहातावर आधी फेस करा आणि मग चेहऱ्यावर न्या, थेट गालावर पिळलं की तिथेच जास्त लागतं. बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट, नाकाच्या कडा, हनुवटीखाली, भुवयांमध्ये. मग धुणं, आणि इथे खरी गोम आहे, केसांची रेष, कानापुढचा भाग आणि जबड्याची कड, इथे फेस राहून जातो आणि मग तिथेच खाज येते आणि पुटकुळ्या येतात आणि माणूस फेसवॉशला शिव्या घालतो. आंघोळीत असाल तर शाम्पू-कंडिशनर आधी, चेहरा शेवटी, नाहीतर कंडिशनरचं पाणी धुतलेल्या चेहऱ्यावरूनच वाहतं. टॉवेलने टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. आणि त्वचा अजून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. हो, तेलकट त्वचेला सुद्धा, हलकं जेलवालं घ्या. बरेच पुरुष हे सोडून देतात आणि मग चेहरा ओढतोय अशी तक्रार फेसवॉशच्या नावाने करतात.

सनस्क्रीन लावत असाल, आणि लावत नसाल तर लावा, तर पाण्यात टिकणारा प्रकार सौम्य क्लीन्सरने एका धुण्यात पूर्ण निघतोच असं नाही. रात्री दोनदा धुवा, जहाल ट्यूबकडे वळायची गरज नाही.

दाढी ठेवणाऱ्यांचा वेगळा विषय आहे. फेस केसांवरच तरंगत राहतो आणि खालची त्वचा कोरडीच, म्हणून बोटं केसांच्या आत घालून मुळाशी चोळावं लागतं. दाढीत, भुवयांत आणि नाकाच्या बाजूला पिवळसर चिकट कोंडा पडत असेल तर तो कोरडेपणा समजून तेल चोपडू नका, सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो, त्याला बुरशीविरोधी शाम्पू लागतो, डॉक्टरला विचारून घ्या. गुळगुळीत दाढी करणाऱ्यांनी फेसवॉश दाढीच्या आधी वापरावा, कोमट पाण्याने केस नरम होतात आणि तेल गेल्यामुळे ब्लेड नीट चालतं. नंतर नुसतं पाणी. सॅलिसिलिकवाला त्या दिवशी दाढीच्या लगेच नंतर नको, झोंबतो. मानेवर आत वळलेले केस आणि त्याचे फोड येत असतील तर ते मुख्यतः कुरळ्या केसांचं आणि फार जवळून केलेल्या दाढीचं दुखणं आहे, फेसवॉशने थोडी मदत होईल, पण मशीनने एक मिलिमीटर ठेवलेलं बरं.

नावाजलेल्या सौम्य क्लीन्सरबद्दल विचाराल तर सेटाफिलचा साधा क्लीन्सर मुळात १९४७ मध्ये टेक्सासमध्ये त्वचेच्या रुग्णांसाठी बनलेला, सेराव्हे २००५ मधला, सिरॅमाइड्सवर (त्वचेतले ओलावा धरून ठेवणारे स्निग्ध पदार्थ) भर देणारा. दोन्हीकडे ‘मर्द’ वगैरे भानगड नाही, बाटली कंटाळवाणी आहे, आणि मला तोच कंटाळवाणेपणा आवडतो. कोरडी-नाजूक त्वचा असेल तर या धाटणीचं काहीतरी, कंपनी कुठलीही असो. खूप तेलकट असेल तर याच धाटणीतला फोमिंग प्रकार. यादीत सिटिल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल वाचून दचकू नका, ती मऊ करणारी असतात, कोरडी करणारी ती डिनेचर्ड अल्कोहोलवाली, स्पिरिटसारखी उडून जाणारी मंडळी.

लेबलावरचे शब्द: ‘डर्मटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे कोणीतरी कसली तरी टेस्ट केली, निकाल काय लागला ते त्यात नाही. ‘हायपोॲलर्जेनिक’ला अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सुद्धा पक्की व्याख्या नाही. ‘ब्राइटनिंग’, ‘व्हिटॅमिन सी’, ‘नायसिनामाइड’ हे क्रीममध्ये ठीक, पण अर्ध्या मिनिटात मोरीत जाणाऱ्या वस्तूत त्यासाठी जास्त पैसे मी तरी देणार नाही. ‘फ्रेग्रन्स फ्री’ मात्र कामाचा शब्द आहे, त्वचा चटकन लाल होत असेल तर पहिला फिल्टर तोच लावा, आणि दुसरा फिल्टर मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला, २०१३ चा ॲलर्जन ऑफ द इयर तो होता.

नवीन ट्यूब आणली की पहिले काही दिवस कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर थोडी लावून बघा, आणि त्याच आठवड्यात नवीन क्रीम, नवीन सीरम असं सगळं एकदम सुरू करू नका, काही बिनसलं तर दोष कुणाचा ते कळत नाही. छोटी ट्यूब मिळत असेल तर छोटीच. आणि बाटली-ट्यूबमध्ये निवड असेल तर पंप घ्या, ओल्या हाताने झाकण उघडताना निम्मा माल बेसिनमध्ये जातो, उघडं राहिलं तर तोंडाशी घट्ट होऊन बसतो. फेस तयारच देणारा पंप पण येतो, तो आतला पातळ द्रव हवेत मिसळून फेस करतो एवढंच, ताकद वाढत नाही, पण घासायची सवय असलेल्यांना तो बरा पडतो कारण घासायला हातात काही उरतच नाही. मी सध्या बिनवासाचा पंपवाला सौम्य क्लीन्सर रोजसाठी आणि आठवड्यातून तीन-चार रात्री सॅलिसिलिकवाला, तोही फक्त नाक-कपाळ-हनुवटीवर, असं चालवतोय.